बाहेर रेड अलर्ट, घरात बिर्याणीची ऑर्डर

जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस सलग पाऊस लागला की घराघरांत एक वाक्य ऐकू येतं, "आज काहीतरी गरमागरम मागवू या." मंडईत चिखल झालेला असतो, मुलांना शाळेची सुट्टी असते, बाहेर पडायचा कुणाचाच जीव होत नाही. मोबाइल हातात असतोच. बोट फिरवलं की अर्ध्या-पाऊण तासात बिर्याणी दारात. पाऊस आहे म्हणून आपण घरात थांबतो आणि पाऊस आहे म्हणूनच दुसऱ्या कुणाला तरी बाहेर काढतो. आपल्या घरांतून या गोष्टीवर फारसं बोललं जात नाही. हलाल-हरामची चौकशी आपण हॉटेलपर्यंत नेतो, मटण कुठून आणलं ते विचारतो. ते ताट आपल्यापर्यंत कसल्या रस्त्यानं आलं, हे मात्र क्वचितच विचारतो.

मी साताऱ्यात शिकवते आणि माझं माहेर सांगलीचं. त्यामुळे दोन्हीकडचा पाऊस चांगला ओळखीचा आहे. साताऱ्याचा धोका वरून येतो. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंतच्या उतारांवरून पाणी खडी-माती घेऊन धावतं आणि दुचाकीचं चाक त्या खडीवर कधी घसरेल सांगता येत नाही. यवतेश्वरच्या घाटात दगड कोसळतात. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच रात्रीच्या सुमारास पाटण तालुक्यात आंबेघरला डोंगर घरांवर आला, हे आपण कुणीच विसरलेलो नाही.

सांगलीचं तसं नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा कराडला कोयनेला घेऊन खाली येते, तेव्हा सांगलीत कधी कधी चक्क ऊन असतं. लोक गॅलरीत कपडे वाळत घालतात आणि आयर्विन पुलाजवळ पाणी फुटाफुटानं चढत असतं. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि १२ ऑगस्टची बकरी ईद सांगलीच्या कितीतरी घरांनी दुसऱ्यांच्या छताखाली काढली. २०२१ मध्ये पुन्हा ५४ च्या वर. कर्नाळ रोड, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट या भागांत पाणी आधी शिरतं, हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. पण मिरज किंवा कुपवाडकडून मोबाइलचा नकाशा बघत येणाऱ्या पोराला कोण सांगणार? नकाशावर तो रस्ता निळ्या रेषेत सरळ दिसतो. म्हणून सांगलीत तरी नुसतं आकाशाकडे बघून ऑर्डरचा निर्णय घेऊ नये.

साचलेल्या पाण्यात आणखी एक गोष्ट असते जी दिसत नाही. २५ जुलै २०२४ ला पुण्यात डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत तीन तरुण पहाटे आपली अंडाभुर्जीची गाडी पाण्यातून हलवत होते. पाण्यात वीज उतरली होती. तिघंही गेले. गुडघाभर पाण्यातून गाडी ढकलणं हे आपल्याकडे रोजचंच काम, त्यात कुणाला धाडस वाटत नाही. डिलिव्हरीच्या पोरालाही वाटत नाही.

आमच्या शाळेतून दहावी झालेला एक मुलगा गेली तीन वर्षं साताऱ्यात हे काम करतो. नाव देत नाही. गेल्या पावसाळ्यात तो रेनकोट निथळत भेटला, तेव्हा मी त्याला नीट बसवून सगळं विचारलं. गाडी त्याची, गाडीचा हप्ता त्याचा, पेट्रोल त्याचं. प्रत्येक ऑर्डरमागे अंतरानुसार पैसे मिळतात आणि दिवसात अमुक ऑर्डर पूर्ण केल्या तर वर काही रक्कम. ही वरची रक्कम महत्त्वाची, कारण हप्ता तिच्यातून निघतो. जोराचा पाऊस आला की निम्मी पोरं घरी जातात आणि ऑर्डर मात्र वाढतात, त्यामुळे थांबलेल्याला जास्त मिळतं. "मॅडम, पाऊस म्हणजे आमचा सीझन," असं तो हसून म्हणाला. मग जरा वेळानं म्हणाला, "लोक फोन करून विचारतात कुठपर्यंत आलास. तिकडे पाणी किती आहे, असं अजून कुणी विचारलं नाही."

त्याची अम्मी काय म्हणते, असं मी विचारलं. ती पाऊस लागला की मुसल्यावरून उठत नाही, म्हणाला.

आता यावर नेहमी येणारं उत्तर मला माहीत आहे, आणि ते फालतू नाही. "आपण मागवलं नाही तर त्या पोराची रोजी जाईल. त्याला कुणी जबरदस्ती केलेली नाही. तो स्वतःच्या मर्जीनं येतो." रोजीचा मुद्दा खराच आहे. माझ्या विद्यार्थ्याला मी "पावसात जाऊ नकोस" म्हटलं असतं तर त्यानं मान डोलावली असती आणि बाहेर पडून पुढची ऑर्डर घेतली असती. पण मर्जीचं म्हणाल तर ज्याचा हप्ता पाच तारखेला आहे, त्याच्या मर्जीला किती वजन द्यायचं? ऑर्डर नाकारली तर पुढे कमी ऑर्डर येतील ही धास्ती त्याच्या मनात असते. तो 'पार्टनर' म्हणवला जातो, नोकर नव्हे, त्यामुळे पगारी सुट्टीचा प्रश्नच येत नाही. संपूर्ण साखळीत 'आज नको' म्हणायला ज्याचं काहीच जात नाही असा एकच माणूस आहे, आणि तो आपल्या सोफ्यावर बसलेला असतो. म्हणून पहिला प्रश्न त्यालाच विचारायला हवा.

आपल्या दीनमध्ये या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. सहीह बुखारीत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचा प्रसंग आहे. जुम्याचा दिवस, जोराचा पाऊस. त्यांनी मुअज्जिनला सांगितलं की अजानमध्ये नमाजकडे या असं पुकारण्याऐवजी लोकांना आपापल्या घरी नमाज पढायला सांग. ऐकणाऱ्यांना ते चमत्कारिक वाटलं. तेव्हा ते म्हणाले की माझ्याहून श्रेष्ठ असलेल्यांनी, म्हणजे पैगंबरांनी (स.), हे केलेलं आहे; जुमा फर्ज आहे खरा, पण तुम्हाला चिखलातून घसरत यायला लावणं मला बरं वाटलं नाही. मी हा प्रसंग वर्गात सांगितला तेव्हा नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "मग नमाजसाठी सूट आहे आणि शोरमासाठी नाही?" तिच्या प्रश्नात मला काही भर घालता आली नाही.

दुसरी हदीस हजरत अबू जर (रजि.) यांची. हाताखालच्या माणसांवर झेपणार नाही इतकं काम टाकू नका आणि टाकावं लागलंच तर स्वतः हात लावा, असा तिचा आशय आहे. तो पोरगा आपला नोकर नाही, असं कुणी म्हणेल. अर्ध्या तासापुरता तो आपलं काम करतो, एवढं तरी मान्य करू. 'स्वतः हात लावा' हा भाग मला फार उपयोगाचा वाटतो, त्याच्याकडे पुढे येते.

जगातही यावर विचार चालू आहे. इटलीत बोलोन्या शहरात २०१७ च्या हिवाळ्यात बर्फ पडत असताना सायकलवरून जेवण पोहोचवणाऱ्या पोरांनी काम थांबवलं आणि संघटना उभी केली. मे २०१८ मध्ये तिथल्या महापालिकेनं काही कंपन्यांबरोबर हक्कांची सनद केली, तिच्यात खराब हवामानाचाही विचार आहे. त्याच देशात जुलै २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीनं उन्हाचा पारा जितका चढेल तितका जास्त बोनस द्यायचं जाहीर केलं. चाळीस अंशांच्या वर गेलात तर आठ टक्के. आरडाओरडा झाला, बोनस मागे घेतला. आपल्याकडे झोमॅटोनं जून २०२४ च्या उष्णतेच्या लाटेत ग्राहकांना विनंती केली होती की अगदी गरज नसेल तर भर दुपारी ऑर्डर करू नका. मग तुम्हीच दुपारी सेवा बंद ठेवा की, असं अनेकांनी सुनावलं. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कंपनीनं आपली जबाबदारी ग्राहकावर ढकलू नये, हे बरोबर. पण कंपनी सुधारेपर्यंत ग्राहकानं रेड अलर्टमध्ये पिझ्झा मागवत बसावं, असं त्यातून निघत नाही.

कायदा हळूहळू हलतो आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तिच्यात गिग कामगार हा शब्द प्रथमच आला आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यायची तरतूद झाली. तुमच्या नात्यात, मोहल्ल्यात कुणी हे काम करत असेल तर ई-श्रमवर त्याची नोंदणी झाली आहे का, एवढं आजच विचारा. आपल्या पोरांची कागदपत्रं अर्धवट असतात, हा आपला जुना रोग आहे.

घरी काय करायचं? सरसकट बंदीच्या बाजूची मी नाही. रिमझिम पाऊस असेल, रस्ते मोकळे असतील तर मागवा, तेवढीच त्याची कमाई. फक्त जवळच्या हॉटेलातून मागवा. शाहूपुरीत बसून महामार्गापलीकडची बिर्याणीच हवी, हा हट्ट त्या दिवशी सोडता येतो. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल, विजा कडाडत असतील, सांगलीत आयर्विनची पातळी चाळिशीकडे निघाली असेल, तर नाही. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात झाडं आणि फलक पडतात, तेव्हाही नाही. विजेची सूचना देणारं 'दामिनी' अ‍ॅप फुकट मिळतं, आणि पुलाची पातळी तर सांगलीत पोरासोरांनाही तोंडपाठ असते.

अडचण वेगळी आणि चैन वेगळी. एकटी राहणारी म्हातारी खाला, तापानं फणफणलेला माणूस, घरात चूल पेटवायला कुणी नसलेलं बाळंतीण घर, यांनी मागवलं तर त्यांना बोल लावू नये. उलट शेजाऱ्यानं डबा न्यावा, म्हणजे त्यांना मागवावंच लागणार नाही. २०१९ च्या पुरात होड्यांमधून अन्न पोचवणारे होतेच, पण लोक छतावर अडकले होते म्हणून त्यांनी ती जोखीम घेतली. चमचमीत खावंसं वाटलं म्हणून कुणी होडी काढली नव्हती.

ऑर्डर दिली आणि मग आभाळ फाटलं, तर? त्यानं जेवण उचललेलं असेल तर रद्द करून त्याची फेरी वाया घालवू नका. त्याला फोन करा आणि सांगा, बाबा, घाई नाही, कुठे आडोशाला थांब, उशीर झाला तरी तक्रार करणार नाही. आपल्या गल्लीत पाणी असेल तर त्याला पक्क्या रस्त्यावर थांबवा आणि छत्री घेऊन आपण जा. घरातल्या तरण्या मुलाला पाठवा. हाच तो 'हात लावणं'. चौथ्या मजल्यावर लिफ्ट बंद असेल तर खाली उतरा. पन्नासची नोट त्याच्या हातात ठेवा, अ‍ॅपमधल्या पावसाच्या जादा आकारातून त्याला नेमकं किती मिळतं ते आपल्याला दिसत नाही. कोरडा टॉवेल आणि कपभर चहा विचारा, बहुतेक वेळा तो थांबणार नाही, पण विचारा. आणि पाच तारे द्या. सांडलेल्या रस्स्यासाठी पावसात एक तारा देणारे महाभाग आपल्याच बिरादरीत आहेत, मी पाहिले आहेत.

बाकी पावसाळ्यासाठी आपल्या नान्या-दाद्यांनी काही ठरवून ठेवलेलंच होतं. खारवलेलं मटण, पापड, लोणचं, डाळ-खिचडी, अंड्याचं सालन. कराड-इस्लामपूरच्या ढाब्यांनी गाजवलेला अख्खा मसूर तर घरी कुकरच्या चार शिट्ट्यांत होतो, वर कच्चा कांदा आणि तूप. या वर्षी जूनच्या सामानात मी तो दोन किलो जास्त भरला आहे. धाकट्याची कुरकुर चालू आहे, त्याला पिझ्झाच हवा. पाऊस उघडेल त्या शनिवारी मागवायचा, असं ठरलं आहे.