सोलरच्या प्लेटा : बेण्यासारख्या पारखून घ्या



हल्ली गावोगावी सोलरवाले फिरू लागले आहेत. उसाच्या बिलाची रक्कम हाती पडण्याच्या सुमारास तर ते हटकून दारात येतात. कोणती प्लेट घ्यावी, किती किलोवॅटची घ्यावी, अशी विचारणा बरेच सभासद आमच्याकडे करतात. घाईने घेतलेली वस्तू पंचवीस वर्षे छपरावर राहणार, म्हणून चार गोष्टी येथे देत आहोत.

ऊन वापरण्याचा विचार वर्ध्याला नवा नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीतून पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनी निसर्गातील संपत्तीचे दोन भाग सांगितले होते : एक साठ्याची, जी वापरली की संपते, दुसरी वाहती, जी रोज नव्याने मिळते. चंद्रपूरचा कोळसा पहिल्या भागात मोडतो, आपलं ऊन दुसऱ्यात.

आधी बिल पाहा, मग प्लेट. मागील बारा महिन्यांची वीजबिले काढा आणि महिन्याचे सरासरी युनिट काढा. एक किलोवॅटचा संच आपल्या भागात दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्याच्या तोंडाशी जास्त. महिन्याला २४० युनिट लागत असतील तर रोजचे आठ झाले, म्हणजे दोन किलोवॅट पुरे. विकणारा पाच सांगेल. त्याचं काय जातं! एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. प्लेटांचे तोंड दक्षिणेकडे आणि उतार वीस अंशांच्या आसपास असावा. शेजारच्या निंबाची एक फांदी एका प्लेटेवर सावली धरून बसली, तरी तिच्याशी जोडलेल्या बाकीच्या प्लेटांचीही वीज घटू शकते.

वर्ध्याचे ऊन दुधारी आहे. उजेड वीज देतो, पण उष्णता ती खाते. प्लेटेची ताकद कागदावर २५ अंशांना मोजलेली असते. मे महिन्यात आपल्याकडे हवेचाच पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा प्लेट ७० अंशांपर्यंत तापू शकते. दर वाढत्या अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. ७० अंशांना हा फटका साडेतेरा ते अठरा टक्के पडतो. जुन्या पॉलि जातीत घट जास्त, मोनो पर्कमध्ये त्याहून कमी, नव्या टॉपकॉनमध्ये आणखी कमी. माहितीपत्रकातील ‘तापमान गुणांक’ हा आकडा जरूर विचारा. प्लेटा टिनाला चिकटवून बसवू नका. खालून वारा खेळला पाहिजे.

वीज गेली तर? बॅटरी नसलेला साधा संच महावितरणच्या ताराशी जोडलेला असतो. लाइन गेली की, भर दुपारीही, तो आपोआप बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव त्यामुळे वाचतो. लाइन नसतानाही दिवा-पंखा हवा असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तिचा खर्च वेगळा, आणि ती प्लेटेइतकी टिकत नाही.

अनुदान. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,०००, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरले आहे. त्यासाठी प्लेट व तिच्यातील सेल देशात बनलेले असावे लागतात. पिठाची चक्की, दुकान, रसवंती यांना हे अनुदान नाही. परंतु चक्की दिवसाच चालते, त्यामुळे तेथे पैसा लवकर निघू शकतो.

ओलिताचा हिशेब निराळा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत विजेची राज्याची योजना आहे. म्हणून सौरपंपात बिलाची बचत शोधू नका. त्याचा खरा फायदा म्हणजे ओलित दिवसा होते. रात्री वावरात साप-विंचवात उभं राहावं लागत नाही.

जोडकामात काटकसर नको. सांगाडा जस्ताचा जाड मुलामा दिलेला असावा, वादळात उचलला जाऊ नये असा पक्का बसवलेला असावा. अर्थिंग आणि वीजरोधक हवेतच. प्लेटेच्या काचेची गारांची चाचणी झालेली असते, पण २५ मिलिमीटर गोळ्याची. मोठ्या गारांची हमी कोणी देत नाही, म्हणून विमा विचारावा. गाळपाच्या दिवसांत बॉयलरची काजळी उडते, ती पंधरवड्याला साध्या पाण्याने सकाळीच धुवावी. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये.

बेणे घेताना आपण डोळा पाहतो, कांडीचे वय विचारतो, कीड तपासतो. को-८६०३२ आहे एवढ्या शब्दावर कोणी लागण करत नाही. तीच सवय येथेही ठेवा. निदान तीन जणांचे लेखी दर मागवा. प्लेटेची व इन्व्हर्टरची हमी वेगवेगळी लिहून घ्या, कारण इन्व्हर्टर आधी थकतो. प्रत्येक प्लेटेवरचा क्रमांक बिलावर उतरवून घ्या. आणि संच सुरू होऊन मीटर बसल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.