जखमेवर पान, पण कोणते?

कल्पित राज्यांत रंगणारे रोल-प्ले खेळ आता मराठी मुलेही खेळतात. कुणी राजा होतो, कुणी शिकारी, कुणी वैदू. लढाईत बाण लागला की वैदू कुठला तरी पाला चोळतो आणि पुढच्या डावात गडी पुन्हा उभा! या वैदूला खरीखुरी पट्टी करायला शिकवावी, असे मला मनापासून वाटते. राज्य बेतायचे तर काठीवर बेतावे. अक्कलकुवा तालुक्यातले, सातपुड्यातले हे गाव एके काळी भिल्ल राजांच्या मेवासी संस्थानाचे ठिकाण होते. तिथली राजवाडी होळी आजही दूरदूरच्या पाड्यांतली माणसे एकत्र आणते. भोवती रान आहे, खाली तळोदा-शहाद्याकडे कापूस आणि केळी आहे. वैदूला आणखी काय हवे?

पट्टीने करायचे काय, हे आधी ठरवू. तिने पाझर शोषावा, घाण बाहेर ठेवावी, जखमेची ओल टिकवावी आणि बदलताना नवी कातडी ओरबाडू नये. यातली ओलीची अट अनेकांना खटकेल. जखमेला वारा लागू द्या, खपली धरू द्या, असेच आपण लहानपणापासून ऐकलेले असते. पण जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पातळ पॉलिथिनखाली झाकलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने आली. कोरड्या खपलीखाली कातडीच्या पेशींना वाट काढत खोल जावे लागते. ओलसर पृष्ठभागावर त्या सरळ सरकतात.

वैदूचा हात पहिल्यांदा जाईल तो एकदांडीकडे. शेताच्या बांधावरची ही पांढऱ्या-पिवळ्या फुलांची, लवदार पानांची वनस्पती. विळा लागला की तिचा पाला चुरून रस पिळायचा, हे महाराष्ट्रभर चालते. मूळची ती अमेरिका खंडातली, आता मात्र पुरती आपली झाली आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत तिच्या अर्काने जखमा लवकर भरल्याचे दिसले आहे. पण उंदराची सैल कातडी आक्रसून जखम मिटवते, तर आपल्याकडे बरेचसे काम नव्या कातडीला वाढून करावे लागते. म्हणून उंदरावरचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. बिब्ब्यापासून तर वैदूने चार हात लांबच राहावे. त्याच्या तेलाने कातडी भाजून निघते, फोड येतात.

माझ्या मते वैदूने रसाच्या मागे न लागता आच्छादनाचा विचार करावा. रानातली काटेसावर उन्हाळ्यात बोंडे फोडते आणि रेशमी कापूस वाऱ्यावर सोडते. तो जखमेवर ठेवायचा मोह होईलच. पण त्याच्या तंतूंवर मेणाचा थर असतो. थेंब त्यावरून घरंगळतो, शोषला जात नाही. शेतातल्या कच्च्या कापसाचीही तीच गत. मात्र तो अल्कधर्मी द्रावणात चांगला उकळला की मेण सुटते आणि दवाखान्यातला शोषक कापूस तयार होतो. आपल्या खेळात सोडा नसेल, पण चुलीतली राख आहे. राखेचे निवळलेले पाणी अल्कधर्मीच असते.

राहिला जखमेला भिडणारा थर. त्यासाठी कल्पना लढवायचीही गरज नाही, उत्तर मुंबईत सापडले आहे. परळच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी यांनी भाजलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली आणि १९८५ मध्ये तिचा पहिला अहवाल प्रसिद्ध केला. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचे पान हाती घेतले. कातडी पूर्ण जाडीपर्यंत न जळालेल्या रुग्णांवर त्यांनी केळीचे पान आणि बटाट्याची साल यांची तुलना केली. ती २००३ मध्ये छापून आली. गुण दोन्हींचा सारखाच, पण पान अकरा पट स्वस्त.

केळीचे पान उजेडात धरून पाहा. त्याच्या मेणचट पाठीवर पाणी टिकत नाही आणि जखमेचा पाझरही त्याला घट्ट चिकटत नाही. भाजलेल्या माणसाची पट्टी बदलताना ज्यांनी तो आक्रोश ऐकला आहे, त्यांना न चिकटण्याचे मोल वेगळे सांगायला नको. शिवाय हे पान मोठे असते, हवे तेवढे कापता येते आणि ओल धरून ठेवते. ज्या रुग्णालयात गरीब रुग्णांची रीघ असते, तिथे असे संशोधन व्हावे याचा मला फार अभिमान वाटतो.

पण ते पान झाडावरून थेट जखमेवर जात नव्हते. ते निर्जंतुक केलेले असे. मातीत धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात आणि साध्या उकळण्याने ते मरतीलच याची खात्री नसते. त्यासाठी दाबाखालची, १२१ अंश सेल्सिअसची वाफ लागते. म्हणजे आपल्या वैदूला घट्ट झाकणाचे, वर वजन ठेवलेले भांडेही शोधून काढावे लागेल. हे अशक्य नाही. डेनिस पापिनने तसले भांडे १६७९ मध्येच करून दाखवले होते, जंतूंमुळे जखमा चिघळतात हे कळण्याच्या कितीतरी आधी.

तर असा हा संच: वाफवलेले केळीचे पान, त्यावर राखेच्या पाण्यात उकळून धुतलेला आणि तसाच वाफवलेला कापूस, वरून स्वच्छ कापडाची पट्टी. खेळात तो खुशाल वापरा. खऱ्या जखमेवर मात्र घरचा पाला लावू नका. स्वच्छ वाहत्या पाण्याने आणि साबणाने ती धुवा, धुतलेल्या कापडाने दाबून धरा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी जवळचे आरोग्य केंद्र गाठा.