शकुंतलेची अंगठी आणि गावचे दप्तर

शकुंतलेचे नाव घेताच मराठी रसिकाच्या डोळ्यांसमोर कण्वाश्रमातील वेली, हरिणशावके आणि सासरी निघालेली लेक उभी राहते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि तेव्हापासून ही तापसकन्या जणू आपल्या घरचीच झाली. परंतु आपण जपली ती कालिदासाची शकुंतला. महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतला निराळी आहे, आणि आज तिचेच स्मरण अधिक अगत्याचे आहे.

ही शकुंतला गांधर्व विवाहापूर्वीच दुष्यंताकडून वचन घेते, की आपल्या पोटी येणारा पुत्रच युवराज होईल. पुढे मुलाला घेऊन ती राजसभेत येते, तेव्हा राजाला सारे स्मरत असूनही तो तिला नाकारतो. येथे दुर्वासांचा शाप नाही आणि अंगठीही नाही. ती मात्र मुकाट्याने परतत नाही. पत्नीचा अधिकार आणि सत्याची थोरवी सांगून भर सभेत राजाला खडसावते. अखेर आकाशवाणी होते आणि राजा तिचा स्वीकार करतो. केवळ तुझ्या शब्दावर तुला स्वीकारले असते, तर लोकांनी संशय घेतला असता, अशी मखलाशीही तो करतो!

कालिदासाने शापाची योजना करून नायकाला दोषमुक्त केले. काव्यदृष्ट्या ती अपूर्वच. परंतु तिच्यामुळे एका स्त्रीच्या सत्याचा सारा भार अंगठीवर पडला. ती अंगठी शचीतीर्थात गळून पडली आणि माशाच्या पोटातून कोळ्याच्या हाती लागेपर्यंत शकुंतला कोणाचीच नव्हती.

हा प्रश्न पुराणातच राहिलेला नाही. घोडेगावहून भीमाशंकरकडे जाताना लागणाऱ्या शिनोलीसारख्या गावात लग्नाला सारा गाव अक्षता टाकतो. परंतु नवऱ्याने हात वर केले किंवा वारसाचा तंटा उभा राहिला, की त्याच लग्नाचा पुरावा मागितला जातो. ते साक्षीदार तेव्हा कोठे असतात? महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ साली झाला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असा आदेश दिला. नोंद नाही म्हणून विवाह अवैध ठरत नाही, हे खरे; परंतु ती नसल्यास सिद्ध करण्याचा भार बहुधा बाईच्याच शिरावर येतो.

शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नाणेघाटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राणी नागनिकेचे नाव राजा सातकर्णीच्या नावासह दगडात कोरले गेले. ते भाग्य राणीचे होते. सामान्य स्त्रीच्या वाट्याला शिलालेख येत नाही. परंतु ग्रामपंचायतीच्या दप्तरातील एक ओळ तरी यावी. अंगठी बोटातून निसटते. दप्तरातील नोंदीची नक्कल पुन्हा काढता येते.

म्हणून मांडव, वाजंत्री आणि जेवणावळींची चिंता वाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी या नोंदीचीही चिंता वाहावी, आणि ती वाद उद्भवण्यापूर्वी, गोडीगुलाबीच्या दिवसांतच वाहावी. मात्र कागद मिळाला म्हणजे समाजाचे कर्तव्य संपले, असे नव्हे. ज्यांनी अक्षता टाकल्या, त्यांनी प्रसंगी साक्षीलाही उभे राहिले पाहिजे. व्यासांच्या शकुंतलेसाठी आकाश बोलले, कारण सभा गप्प होती. आपल्या लेकींवर आकाशाकडे पाहण्याची वेळ येऊ नये.