कलासंस्थेतील उमेदवारी : लाभ कोणाचा?

व्यापारी घराण्यांना उमेदवारी ही कल्पना नवीन नाही. पेढीवर बसून रोजमेळ, खतावणी आणि उगराणी आत्मसात केल्याशिवाय मुलाच्या हाती तिजोरीची किल्ली दिली जात नसे. अमेरिकेतील प्रयोगशील कलासंस्थांत हीच पद्धत ‘इंटर्नशिप’ या नावाने रूढ आहे.

न्यूयॉर्कची फ्रँकलिन फर्नेस ही अशीच एक छोटी संस्था. कलावती मार्था विल्सन यांनी १९७६ साली ती स्थापन केली. कलावंतांनी पुस्तकरूपात घडविलेल्या कलाकृतींचा संग्रह आणि प्रायोगिक सादरीकरणांना आश्रय, हे तिचे कार्य. हा ग्रंथसंग्रह १९९३ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गेला. २०१४ पासून संस्था ब्रुकलिनच्या प्रॅट इन्स्टिट्यूट या कलाशिक्षणसंस्थेच्या आश्रयाने काम करते.

तासाभराचे सादरीकरण संपते; उरतात ती छायाचित्रे, चित्रफिती आणि भित्तिपत्रके. त्यांची तारीखवार नोंद, नावांची पडताळणी आणि संगणकीकरण ही कामे अशा संस्थांत विद्यार्थ्यांकडे येतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही येथे शिकण्यासारखे पुष्कळ असते. विक्रीचे उत्पन्न नगण्य असताना अनुदान व देणग्यांवर जमाखर्च कसा जुळतो आणि एका कार्यासाठी मिळालेला निधी दुसरीकडे का वळविता येत नाही, हे त्याला प्रत्यक्ष पाहता येते.

प्रश्न मोबदल्याचा आहे. विनावेतन उमेदवारीत प्रमुख लाभार्थी विद्यार्थी की मालक, हे ठरविण्यासाठी अमेरिकेच्या श्रम खात्याने २०१८ मध्ये सात निकष स्वीकारले. ते नफ्यासाठी चालणाऱ्या आस्थापनांना लागू आहेत; धर्मादाय संस्थांत मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलेली उमेदवारी सामान्यतः ग्राह्य धरली जाते. छोट्या संस्थेची तिजोरी तोकडी असते, हे खरे. परंतु न्यूयॉर्कमधील घरभाडे ज्याचे पालक भरू शकतात तोच तेथे शिकू शकतो, हेही तितकेच खरे. गुणवान पण गरीब विद्यार्थी दाराबाहेरच राहतो. म्हणूनच २०१९ मध्ये तेथील कलासंग्रहालय संचालकांच्या संघटनेने ठराव करून उमेदवारांना वेतन देण्याचे आवाहन केले.

आपली मुले-मुली शिक्षणासाठी अमेरिकेत जातात. तेथे असे काम स्वीकारण्यापूर्वी पाल्याने काही गोष्टी लेखी मागाव्यात : शिकविणार कोण, आठवड्याचे तास किती, महाविद्यालय त्याचे श्रेयांक देणार काय आणि प्रवासखर्च मिळेल काय. विद्यार्थी व्हिसावर असल्यास महाविद्यालयाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाचा सल्ला आधी घ्यावा. आवश्यक परवानगीवाचून केलेले काम व्हिसा धोक्यात आणू शकते.

विनावेतन वर्ष म्हणजे तोटाच, असा निष्कर्ष घाईने काढू नये. तथापि शिकणे थांबले आणि केवळ राबणे उरले, तर तो व्यवहार वेळीच आवरता घेणे हेच शहाणपणाचे.