बंब येण्यापूर्वीची घटका : गावाचा फायर मार्शल

दरवर्षी १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवसापासून २० एप्रिलपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह साजरा होतो. शहरांतून प्रात्यक्षिके होतात, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. नेमक्या याच दिवसांत जबलपूर जिल्ह्यातील पाटण आणि सिहोरा भागात गहू कापणीला आलेला असतो किंवा नुकताच कापलेला असतो. कुंडमकडील जंगलपट्ट्यात मोहाची फुले गळत असतात आणि सागाच्या पाचोळ्याचा जाड थर जमिनीवर वाळत पडलेला असतो. दुपारचा वारा सुटला, की एखादी ठिणगीही पुरेशी ठरते. म्हणूनच हा सप्ताह शहरातील अग्निशमन केंद्राइतकाच गावाच्या चावडीवरही पाळला जाणे अगत्याचे आहे.

गोदीतील स्फोटाचा धडा

या दिवसाचा उगम सागरकिनाऱ्यावरील एका दुर्घटनेत आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता. त्याच जहाजावर कापसाच्या गासड्याही लादलेल्या होत्या. दुपारी जहाजातून धूर निघू लागला. अग्निशमन दलाचे जवान तत्परतेने पोहोचले व पाण्याचा मारा सुरू झाला. परंतु जहाज गोदीबाहेर न्यावे की तेथेच बुडवावे, याचा निर्णय कोणी घ्यावयाचा, हे ठरले नाही. सुमारे दोन तास असेच गेले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा प्रचंड स्फोट झाला. शेकडो नागरिकांबरोबर अग्निशमन दलाचे ६६ जवान कर्तव्य बजावताना मृत्युमुखी पडले.

त्या दिवशी धैर्याची उणीव नव्हती, पाण्याचीही नव्हती. उणीव होती ती आधी ठरलेल्या जबाबदारीची. धोका ओळखणारा, इतरांना सावध करणारा आणि वेळीच निर्णय घेणारा माणूस आगीच्या आधी नेमलेला असावा, हे तत्त्व या दुर्घटनेतून अधोरेखित होते. ‘फायर मार्शल’ या संकल्पनेचे सार हेच आहे.

गाव आणि अग्निशमन केंद्र

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांमध्ये ‘अग्निशमन सेवा’ हा विषय स्पष्टपणे नमूद आहे. ७३ व्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत ग्रामपंचायतींसाठी २९ विषय दिले आहेत. त्यांत शेती, मत्स्यव्यवसाय, गौण वनोपज, जळण आणि चारा यांचा समावेश आहे, परंतु अग्निशमनाचा नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा, की खेड्यात आग लागली तर बंब बहुधा जवळच्या शहरातून किंवा नगर परिषदेकडून यावा लागतो. रस्ता, अंतर आणि पाणी भरण्याची सोय यांवर त्याचे पोहोचणे अवलंबून असते. वाळलेल्या गव्हाचे शेत मात्र तेवढा वेळ देत नाही.

बंब येण्यापूर्वीची ही घटका सर्वस्वी गावाची असते. त्या काळात काय करावयाचे हे जाणणारा, गावातच राहणारा आणि गावाने मान्य केलेला माणूस म्हणजे गावाचा फायर मार्शल. कारखाने व कार्यालयांतून हे पद रूढ आहे. वनविभाग उन्हाळ्यापुरते जे ‘फायर वॉचर’ नेमतो, त्यांचे कामही याच जातीचे आहे. विदर्भात त्यांना ‘अंगारी’ म्हणतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेत प्रशिक्षित झालेले स्वयंसेवकही ही जबाबदारी घेऊ शकतात. अग्निशमनाचे उच्च प्रशिक्षण देणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय जबलपूरपासून फार दूर नाही. १९५६ मध्ये रामपूर येथे स्थापन झालेली ही संस्था १९५७ पासून नागपूर येथे आहे.

गव्हाच्या शेतातील दक्षता

आग पेटण्यास इंधन, प्राणवायू आणि उष्णता या तिन्ही गोष्टी लागतात. त्यांपैकी एक काढून घेतली की आग विझते. शेतातील वारा कोणाला अडविता येत नाही आणि पाणीही क्वचितच हाताशी असते. त्यामुळे मार्शलचे लक्ष प्रामुख्याने इंधनावर, म्हणजेच वाळलेल्या पिकावर असते.

कापणीपूर्वी तो शिवारात फेरी मारतो. ज्या वीजतारा सैल होऊन वाऱ्याने एकमेकींना घासतात, त्यांची सूचना तो वीज कंपनीला देतो. रोहित्राखालील गहू सर्वांत आधी कापून ती जागा मोकळी करण्याचा आग्रह धरतो. कापणी यंत्राच्या धुराड्याजवळ व इंजिनावर साठलेला भुसा वेळोवेळी काढला जातो की नाही, हे पाहतो. नांगर जोडलेला एक ट्रॅक्टर आणि पाण्याचा एक टँकर कापणीच्या दिवसांत शिवारात तयार ठेवण्याची व्यवस्था करतो. आग लागलीच, तर वाऱ्याची दिशा पाहून तिच्या पुढे पुरेशा अंतरावर नांगराचे रुंद तास काढले जातात. उघड्या मातीपाशी आली की बहुतेक आग थबकते.

कापणीनंतर उरणारी धसकटे, ज्यांना या भागात ‘नरवाई’ म्हणतात, ती जाळण्याची प्रथा हे आगीचे आणखी एक कारण आहे. नरवाई जाळल्याने शेजारचे उभे पीक धोक्यात येते आणि मातीतील उपयुक्त जीवाणूही नष्ट होतात. नरवाई जाळणाऱ्या शेतकऱ्यांना मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ न देण्याचा आणि त्यांचा गहू आधारभूत किमतीने खरेदी न करण्याचा निर्णय मध्यप्रदेश शासनाने २०२५ साली जाहीर केला. धसकटांपासून यंत्राने भुसा करून घेणे किंवा ती जमिनीत मिसळणे हा हिताचा मार्ग आहे.

मोहाखालची आग

जंगलालगतच्या गावांत प्रश्न अधिक नाजूक असतो. मोहाची फुले पहाटे गळतात. ती पाचोळ्यात दिसत नाहीत म्हणून वेचणारे झाडाखालचा पाला पेटवून जागा स्वच्छ करतात. पेटवलेला पाला पूर्ण विझला नाही, तर दुपारच्या वाऱ्याबरोबर आग जंगलात शिरते. तेंदूच्या झुडपांना नवी पालवी यावी म्हणूनही काही ठिकाणी आग लावली जाते. यामागे दुष्टपणा नसून उपजीविका असते. त्यामुळे मार्शलला दंडाची भीती दाखवून भागत नाही. त्याला पर्याय द्यावा लागतो. पाला झाडून बाजूला करणे, झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरणे आणि तेंदूची झुडपे पेटविण्याऐवजी छाटणे, हे ते पर्याय होत. जाळीवर पडलेले फूल मातीने माखत नाही, त्यामुळे त्याचा दर्जाही चांगला राहतो. हा लाभ एका कुटुंबाने अनुभवला, की दुसरे कुटुंब आपोआप त्याच वाटेने जाते.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा मध्यप्रदेशात वणव्यांचा काळ मानला जातो. त्यापूर्वीच जंगलात ‘जाळरेषा’ काढल्या जातात. म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करून त्यातील पालापाचोळा देखरेखीखाली जाळून टाकतात. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीच्या सूचना राज्यांच्या वनविभागांना देत आली आहे. मात्र उपग्रह केवळ ठिकाण सांगतो. हिरव्या फांद्यांनी आग झोडपण्याचे काम माणसांनाच करावे लागते. तेव्हाही मार्शलने एक नियम कटाक्षाने पाळावयाचा असतो. आग चढाच्या दिशेने वेगाने धावते. म्हणून डोंगरउतारावर आगीच्या वरच्या बाजूस कोणालाही उभे राहू देऊ नये. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार वनातील हक्क उपभोगणाऱ्यांवर वणव्याची माहिती देण्याचे आणि तो विझविण्यास साहाय्य करण्याचे बंधन आहे.

किनाऱ्यावरील गावे

कोकणातील परिस्थिती वेगळी भासली, तरी सूत्र तेच आहे. तेथे भातरोपांसाठी जमीन भाजण्याची, म्हणजे भाजावळीची, आग किंवा डोंगरावरील वाळल्या गवताचा वणवा आंबा-काजूच्या बागांत शिरतो आणि अनेक वर्षांची मेहनत काही तासांत खाक होते. बागेभोवती गवत कापून मोकळा पट्टा ठेवणे आणि भाजावळ वारा पडलेला असताना, शेजाऱ्यांना कळवून करणे हा त्यावरचा उपाय आहे. मासेमारी नौकेवर तर डिझेल, गॅस सिलिंडर आणि जाळी एकाच ठिकाणी असतात, आणि खोल समुद्रात बंब येण्याचा प्रश्नच नसतो. तेथे तांडेलालाच मार्शल व्हावे लागते. अग्निशामक सिलिंडर इंजिनाजवळ असावा, पण आग लागल्यावर हात पोहोचणार नाही इतका जवळ नसावा, हे त्याने पाहावयाचे असते.

घर, दुकान आणि बँकेची शाखा

शहरांतही ही जबाबदारी संपत नाही. १ ऑगस्ट २०२२ रोजी जबलपूरच्या दमोह नाका भागातील एका खासगी रुग्णालयास लागलेल्या आगीत आठ जणांचा मृत्यू झाला. तेथे बाहेर पडण्यास एकच मार्ग असल्याची बाब त्यानंतर ठळकपणे पुढे आली. कोणत्याही इमारतीत मार्शलचे पहिले काम आग विझविणे हे नसून बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवणे हे आहे. जिन्यात ठेवलेले जुने कपाट किंवा मागील दाराला लावलेले कुलूप एरवी निरुपद्रवी वाटते. धुरात तेच प्राणघातक ठरते.

बँकेच्या शाखेत कागदपत्रांची खोली, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि वातानुकूलन यंत्रे या विशेष दक्षतेच्या जागा होत. शाखा बंद करताना अनावश्यक वीजपुरवठा खंडित करणे, अग्निशामकाची मुदत तपासणे आणि तो वापरण्याचा सराव किमान काही कर्मचाऱ्यांना असणे आवश्यक आहे. अग्निशामक वापरण्याची रीत सोपी आहे : पिन ओढावी, नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखावी, मूठ दाबावी आणि नळी डावीकडून उजवीकडे फिरवावी. विजेच्या किंवा तेलाच्या आगीवर पाणी टाकू नये. कढईतील तेल पेटल्यास शेगडी बंद करून कढईवर झाकण ठेवावे. गॅसचा वास आल्यास विजेचे बटण चालू किंवा बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. अग्निशमन दलासाठी १०१ आणि सर्व आणीबाणींसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

पीक जळते, कर्ज जळत नाही

आगीनंतरचा दुसरा आघात आर्थिक असतो. किसान क्रेडिट कार्डावर कर्ज घेऊन उभे केलेले पीक जळाले, तरी कर्ज शिल्लकच राहते. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वीज कोसळून लागलेल्या नैसर्गिक आगीचा समावेश आहे आणि अशा स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांच्या आत देणे आवश्यक असते. टाळता येण्याजोग्या कारणांनी झालेली हानी मात्र या योजनेत बसत नाही. नरवाईची आग शेजाऱ्याच्या शेतात गेली, तर त्याला विम्याचा आधार मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. मध्यप्रदेशात अग्निपीडितांना महसूल पुस्तक परिपत्रक ६-४ अन्वये शासकीय साहाय्य मिळू शकते. त्यासाठी पटवाऱ्याकडून त्वरित पंचनामा करून घ्यावा. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि लहान व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित विमा पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहेत. विम्याची कागदपत्रे आणि पासबुकाची प्रत घराबाहेर अन्य सुरक्षित ठिकाणीही ठेवावी.

विमा हानीचा काही भाग भरून देतो. गेलेला जीव किंवा दहा वर्षांची बाग तो परत आणू शकत नाही. म्हणून येत्या हंगामापूर्वी प्रत्येक गावाने ग्रामसभेत तीन गोष्टी निश्चित कराव्यात : मार्शल कोण, ट्रॅक्टर व टँकर कोणाचा, आणि प्रथम दूरध्वनी कोणी करावयाचा. या ठरावाला खर्च शून्य आहे. १९४४ च्या त्या दुपारी गोदीत जे ठरले नव्हते, ते आज गावाच्या चावडीवर ठरविता येते. आणि कर्तव्यावर प्राण वेचलेल्या त्या ६६ जवानांना तीच खरी मानवंदना ठरेल.