सोळा पानांची घडी

कॅनडातील केंब्रिज येथे राहणाऱ्या आमच्या भाचीने आम्हांस एक लघुकथासंग्रह धाडला: स्टीव्हन हायटन यांचा 'फ्लाइट पाथ्स ऑफ द एम्परर', 1992 साली निघालेला. केंब्रिज हे ऑन्टारियो प्रांतातले ग्रँड नदीकाठचे शहर. 1973 साली गॉल्ट, प्रेस्टन आणि हेस्पेलर ही गावे जोडून ते झाले. तेथून मोटारीने तासाभरावर एरिन हे खेडे आहे. टिम व एल्के इंकस्टर या दांपत्याने 1974 साली तेथे 'पॉर्क्युपाइन्स क्विल' ही छोटी प्रकाशनसंस्था काढली. हा संग्रह तिचाच.

या छापखान्याची रीत जुन्या वळणाची. मोठा कागद छापून त्याची सोळा पानांची घडी करायची आणि अशा घड्या दोऱ्याने शिवायच्या. नुसत्या गोंदाने चिकटवलेली पुस्तके आपल्या बेटावरच्या दमट हवेत पाने सोडतात, हे आपण घरोघरी पाहतोच. शिवलेले पुस्तक पुष्कळ टिकते.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या कथा वह्यांत पडून आहेत. त्यांचा संग्रह काढायचा तर आधी हिशेब मांडावा. कथांची 138 पाने, आरंभीची 6. एकूण 144, म्हणजे बरोबर नऊ घड्या. एक पान वाढले की दहावी घडी लागते आणि 15 पाने कोरी राहतात. मग खर्च वाचवण्यासाठी अक्षर बारीक करण्याचा मोह होतो. तो टाळावा; आजीच्या डोळ्यांनाही ते वाचायचे आहे.

प्रकाशनाचे वर्षही नीट छापावे. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया' या कथासंग्रहाला 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण पुस्तक नेमके कधी प्रसिद्ध झाले यावर वाद उठला आणि त्यांनी तो परत केला. एवढ्याशा ओळीचे मोल एवढे असते.

आणि ती 15 कोरी पाने? त्यांत कठीण मराठी शब्दांचे अर्थ क्रेओलमध्ये द्यावेत, असे आम्हांस वाटते. घरी क्रेओल बोलणाऱ्या नातवाला आजोबांची गोष्ट त्या पानांच्या आधाराने वाचता आली, तर दहाव्या घडीचा खर्च वाया गेला असे कोण म्हणेल?