पिकअप जमिनीलगत आणताना

१९६७ ते १९७२ या काळातले शेव्हरोले सी-१० पिकअप अमेरिकेतले हौशी लोक घरच्या गॅरेजमध्येच नव्याने उभे करतात आणि जमिनीलगत आणतात. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर गाडी कमी कलते. पण त्यासाठी स्प्रिंगचे वेढे कापणे वाटते तितके साधे नाही. काम करणाऱ्या आठ वेढ्यांपैकी एक गेला, तर स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते, कारण पीळ घ्यायला तार कमी उरते. ज्योतीने तापवून ती खाली बसवणे तर धोक्याचेच. पोलादाचे पाणी उतरते. मला पुढच्या चाकांसाठी ड्रॉप स्पिंडल पटतात. त्यात चाकाचा आस वर सरकतो, स्प्रिंगला हातही लागत नाही. मागे मात्र फार उतरवले तर अ‍ॅक्सल चॅसीवर आपटतो. तिथे चॅसीला खाच पाडून जाड पोलादी पट्टीने मजबुती द्यावीच लागते.